अंगणाला माती किती? अंदाजपंचे नको!

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘साहेब, बागेसाठी माती मागवायची तर किती?’ उत्तर देण्याआधी माझी चूक सांगतो.

निवृत्तीनंतर बेंगळुरूत के. आर. पुरमला घर बांधलं. मागे छोटं अंगण. फौजेत आयुष्यभर मोजमाप केलं, पण घरच्या कामात डोळ्यानंच ठरवलं आणि दोन ट्रॉल्या ‘केंपु मण्णु’, म्हणजे लाल माती मागवली. निम्मी उरली. ती गल्लीत पडून राहिली. मे महिन्यातल्या एका रात्री वळीव कोसळला, माती गटारात गेली आणि तुंबलेलं पाणी शेजारच्या आजींच्या उंबऱ्याला लागलं. सकाळी फावडं घेऊन गेलो आणि आधी माफी मागितली.

आता हिशेब. माझं अंगण २० फूट बाय १२ फूट, म्हणजे २४० चौरस फूट. त्यातून २ फूट रुंदीची फरसबंद वाट वजा करा: ४० चौरस फूट. उरले २००. हिरवळीला ६ इंच थर पुरतो, म्हणजे अर्धा फूट. २०० गुणिले अर्धा, १०० घनफूट. आपल्याकडच्या भाषेत एक ब्रास. भाजीपाला लावायचा असेल तर ९ ते १२ इंच धरा.

पण माती बसते. खंदक खणणाऱ्याला हे ठाऊक असतं: खणलेली माती त्याच खड्ड्यात परत टाकली तरी वर ढीग उरतो, आणि पावसाळ्यानंतर तिथेच खळगा पडतो. पाचवा हिस्सा बसेल असं धरू. इथे पुष्कळ जण १०० मध्ये २० मिळवून मोकळे होतात. चूक! १२० चा पाचवा हिस्सा २४, उरतील ९६. म्हणून १०० ला ०.८ ने भागा: १२५ घनफूट. त्यात २५ घनफूट कंपोस्ट, १०० घनफूट माती.

गाडीवाला ‘एक लोड’ म्हणेल. लोड हे माप नव्हे. टेप घेऊन ट्रॉली आतून मोजा. माझ्याकडे आलेली १० बाय ५ बाय २ फूट होती. सपाट भरली तर बरोबर १०० घनफूट. मला एकच ट्रॉली पुरली असती!

रिकामी करण्याआधी वरची आणि खालची, दोन्ही माती पाहा. विटांचे तुकडे, प्लास्टिक दिसलं तर परत पाठवा. आणि थर घराच्या जोत्यापेक्षा किमान ६ इंच खाली ठेवा, नाहीतर भिंतीत ओल चढेल.

शेवटचं. ही माती कुणाच्या तरी शेतातून खरवडलेली असू शकते. सुपीक मातीचा एक इंच तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. म्हणून गरजेपुरतीच घ्या, कुठून आणली ते विचारा, आणि मागवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसा.

जय हिंद!