घराण्यातील हृदयविकार आणि आपण

घरात कोणी छातीच्या दुखण्याने अकाली गेले की दोन बोल हटकून ऐकू येतात. "त्यांच्या घराण्यातच आहे ते" हा एक, आणि "नशिबात असेल ते टळत नाही" हा दुसरा. पहिल्यात पुष्कळ तथ्य आहे. दुसऱ्यामुळे मात्र माणूस तपासणीलाच जात नाही. आमचे अब्बा ५१ व्या वर्षी गेले. त्या रात्री छाती दाटून आली ती वायूने, असे समजून आम्ही त्यांना ओवा देत बसलो होतो.

'घराण्यात आहे' याचा नेमका अर्थ काय? आजोबा ८० व्या वर्षी हृदयविकाराने गेले, तर नातवाने फारसे घाबरण्याचे कारण नाही. परंतु वडील किंवा सख्खा भाऊ यांस ५५ च्या आत, आई किंवा सख्खी बहीण यांस ६५ च्या आत हा विकार झाला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट गंभीरपणे घेतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली लोकांच्या हृदयाची पाहणी सुरू झाली व पुढे त्यांच्या मुलांचीही झाली. आईबापांपैकी एकास अकाली विकार जडला असल्यास मुलग्यांचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे तीत २००४ साली दिसून आले.

तेव्हा मुद्दा वयाचा आहे, आणि नेमके तेच कोणाला ठाऊक नसते. पलसाण्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे खानदेशातून आलेली. जुन्या माणसांच्या आठवणी मागे गावीच राहिल्या. आमच्या थोरल्या फुफींना आजोबांच्या मृत्यूचे साल सांगता येईना. मग आठवले, १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामावर होते व पुढल्याच वर्षी गेले. फुफी तेव्हा १८ वर्षांच्या, घरातले पहिले अपत्य. आजोबांचे लग्न विसाव्या वर्षी झालेले. म्हणजे आजोबांचे वय जेमतेम चाळीस! वहीत तो आकडा लिहिताना आमचा हात थबकला.

वारशाने येणाऱ्या गोष्टी रक्तात मोजता येतात. काही घराण्यांत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जन्मापासूनच फार असते. प्रौढ माणसात ते १९० च्या वर गेले तर ही शंका घ्यावी. आईबापांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक मुलास तो मिळण्याचा संभव निम्मा. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांनी अधिक जपावे, कारण दोन्हीकडून आल्यास विकार बालपणीच उग्र होतो. लायपोप्रोटीन (ए) ही दुसरी आनुवंशिक गोष्ट. ती आयुष्यात एकदा तपासली तरी बहुधा पुरते.

"आम्ही तर सडपातळ" म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे वजन उंचीच्या मानाने अगदी सारखे भरले. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के निघाली! २००४ साली दोघांनी हे छायाचित्रासह प्रसिद्ध केले.

वारसा बदलत नाही, पण त्याचा जोर कमी होतो. आनुवंशिक धोका मोठा असलेल्यांतही, जे धूम्रपान करीत नाहीत, वजन आवरतात, व्यायाम करतात व बेताने खातात, त्यांच्यात हृदयविकार जवळजवळ निम्म्याने कमी आढळला, असे २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तंबाखूची पुडी खिशात ठेवणाऱ्या आमच्या मित्रांना हे वाक्य आम्ही पुन्हा वाचावयास सांगू.

रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासण्यास जाताना नातेवाइकांची वये लिहिलेले पान बरोबर न्यावे. आमच्या धाकट्या भावाने ते नेले. डॉक्टरांनी पान वाचले, त्याचा अहवाल पाहिला, आणि त्याच्या दोन्ही मुलांचे रक्तही तपासून घ्यावयास सांगितले.