परळीला इंजिन फिरतं

पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी भाऊ जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय खुलं झालं. सर्कस, पोहण्याचा तलाव, उड्डाणपूल आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या बघताना नातवंडांपेक्षा आजोबाच जास्त रेंगाळतात. छंदात मुरलेल्याला मात्र पुढचा प्रश्न छळतो: ही गाडी निघाली कुठून, आणि चाललीय कशासाठी?

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकातच आपल्या ‘डेल्टा लाइन्स’ या मॉडेल रेल्वेच्या मांडणीला, म्हणजे लेआउटला, रंगभूमी मानलं: देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे नट, वेळापत्रक म्हणजे कथानक. १९६१मध्ये डग स्मिथ यांनी प्रत्येक वाघिणीचं कार्ड आणि त्यात खोचायची मालाची चिठ्ठी ही पद्धत मांडली. कुठली वाघीण कुठे न्यायची, ते चिठ्ठी सांगते.

असं नाटक मराठी मुलखात बसवायचं तर बीड जिल्ह्यातलं परळी वैजनाथ घ्यावं. परभणी आणि लातूर रोड या दोन्हीकडचे मार्ग स्थानकात एकाच बाजूने शिरतात, म्हणून पनवेल–नांदेडसारखी गाडी इथे उलटी निघते. इंजिन सुटतं, मोकळ्या लाईनवरून दुसऱ्या टोकाला जातं, पुन्हा जोडलं जातं. ब्रेकची तपासणी होते, मग सिग्नल पडतो. प्रवाशांच्या लेखी हा खोळंबा, लेआउटवाल्याच्या लेखी पर्वणी! त्यासाठी एक लाईन कायम रिकामी ठेवावी लागते. तिच्यावर मालगाडी उभी केली की सगळंच अडतं.

आणि मालगाडी येणारच, कारण परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. भरलेला कोळसा आत, रिकामा रेक बाहेर. त्यामुळे मॉडेलच्या वाघिणींतला कोळसा उचलून काढता आला पाहिजे, नाहीतर तोच माल दिवसभर ये-जा करताना दिसतो. २०१५मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वास्तवाचा फारच सोस असलेल्याने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात असा एखादा दुष्काळही ठेवावा.

खरी अडचण लांबीची. ६८६ मीटरची लूप लाईन (स्थानकात मुख्य मार्गालगतची बाजूची लाईन) १:८७ प्रमाणात जवळजवळ आठ मीटर भरते. एवढी भिंत कुणाच्या घरात असते? अठ्ठावन्न वाघिणींचा रेक बारांवर आणला तर दीड मीटरात मावतो. रुळांतही तडजोड आहेच. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिलिमीटर यायला हवा, पण बाजारात रूळ मिळतात १६.५चे. याबद्दल शुद्धतावादी कुरकुरतात. त्यांना कुरकुरू द्यावं. रूळ अरुंद असल्याने शंटिंगचं काही बिघडत नाही, लूप आखूड पडली तर मात्र बिघडतं.

परभणी आणि लातूर रोड प्रत्यक्ष दाखवायची गरज नाही. फळीमागे चार-पाच लाईनींचं लपलेलं यार्ड पुरतं. गाड्या तिथून येतात, तिथेच परततात. एक जण परळीचा स्टेशन मास्तर, दुसरा पलीकडच्या स्थानकाचा, आणि पलीकडून ‘लाईन क्लिअर’ची परवानगी मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. घड्याळ चौपट वेगाने पळवलं की दोन तासांत आठ तासांची पाळी होते.

आराखडा करताना तिसऱ्या मार्गाची जागाही राखावी. १९९५च्या सुमारास मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर गाडी २३ सप्टेंबर २०२२ला न्यू आष्टीपर्यंत पोचली आणि १७ सप्टेंबर २०२५ला बीडला. तेव्हा बीड–परळी टप्पा बाकीच होता. मॉडेलमध्ये तो एका दुपारी अंथरता येतो, मात्र त्यासाठी रूळ फुटण्याचा पॉइंट आधीच बसवून ठेवलेला हवा.