मेढीजवळचा बैल

पहाटे ५

उठलो की आधी डावा घोटा फिरवून बघतो. जुना मुरगळलेला आहे, थंडीत कुरकुरतो. जानेवारी म्हणजे त्याचा हंगाम. बायको म्हणते, दुकानात दिवसभर उभं राहायचंय, पहाटे उठून आणखी कशाला उड्या मारायच्या? उड्या मारत नाही, हे तिला इतक्या वर्षांत पटवता आलेलं नाही. मी किकबॉक्सिंग शिकवतो त्या पोरांनाही पहिले पंधरा दिवस तेच पटवावं लागतं.

मैंदर्गी अक्कलकोट आणि दुधनीच्या मधे आहे. पलीकडे कर्नाटक. घरात कन्नड, बाजारात मराठी, चिडल्यावर दोन्ही. गावाला तालीम माहीत आहे, जत्रेतला कुस्त्यांचा फड माहीत आहे, कबड्डी तर रक्तातच आहे. किकबॉक्सिंग म्हटलं की मात्र लोक विचारतात, ‘ते कराट्यासारखं का?’ मी हो म्हणतो. पहाटे वाद घालायला वेळ नसतो.

५.३०

आमचा वर्ग एका मित्राच्या खळ्यावर भरतो. मळणीयंत्र आल्यापासून खळं रिकामंच आहे. भोवतीच्या काळ्या रानाला भेगा पडल्यात, शाळू हुरड्यात आलाय. पण खळ्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या चोपून, शेणानं सारवून अशी टणक झालीय की अनवाणी पायांखाली ती शाळेच्या व्हरांड्यासारखी लागते. वर धुळीचा पातळ थर. त्या थरासाठीच मी गादीचा हट्ट सोडला.

कारण धूळ खोटं बोलत नाही. पोरांना दहा मिनिटं पुढे-मागे सरकायला लावतो आणि मग बॅटरी आडवी धरून माग बघतो. पाय घासत नेलेला असेल तर दोन समांतर फराटे दिसतात, त्यांच्यात खांद्याएवढं अंतर. असा माग असला की मी काही बोलत नाही. फराट्याच्या जागी नुसते चवड्यांचे खड्डे असतील, तर पोरगा उड्या मारत होता. हवेत असलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही. नेमकी त्याच वेळी त्याच्या मांडीवर लाथ बसते. आणि एक फराटा दुसऱ्यावरून गेलेला दिसला, म्हणजे पायात पाय घातला. तिथे मी त्याला उभं करतो, पाय तसेच ठेवायला सांगतो आणि एका बोटानं खांद्याला ढकलतो. पडतो. समजावणीचे चार शब्द वाचतात.

नियम एकच आहे आणि तो दोन भाषांत ओरडून माझा घसा बसलाय. ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी हलतो. ‘मुंद बा’ म्हटलं की पुढचा पाय पुढे, मागचा ओढत तेवढाच. ‘हिंद सरी’ म्हटलं की मागचा आधी मागे, मग पुढचा. डावीकडे जायचं तर डावा, उजवीकडे उजवा. मागच्या पायाची टाच कागद सरकेल एवढी उचललेली. दोन पाय जवळ आणायचे नाहीत, खाली बघायचं नाही. एवढंच आहे, आणि एवढ्याला तीन महिने लागतात.

मराठीत या सगळ्यासाठी दोन शब्द तयार आहेत, पण ते आपण भलतीकडेच वापरतो. ‘पवित्रा’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो. अमक्या संघटनेनं आक्रमक पवित्रा घेतला वगैरे. मूळ शब्द आखाड्यातला आणि लाठीच्या खेळातला, पायांचा. दुसरा ‘टप्पा’. शिकारी म्हणायचा टप्प्यात आलं, आता पुढारी म्हणतात टप्प्यात आला की कार्यक्रम करू. लढतीत टप्पा म्हणजे ज्या अंतरावरून तुमचा फटका पोचतो ते अंतर. लाथेचा टप्पा लांबचा, ठोशाचा मधला आणि गुडघ्याचा म्हणजे जवळजवळ गळ्यात पडण्याचा. किकबॉक्सिंगच्या फुल कॉन्टॅक्ट प्रकारात कमरेखाली लाथ मारता येत नाही, लो किक प्रकारात मांडीवर मारता येते, के-वनमध्ये गुडघाही चालतो. नियम बदलला की कुठे उभं राहणं सुरक्षित आहे तेही बदलतं. म्हणून नवा पोरगा ‘सर, कोणती लाथ शिकवणार?’ असं विचारतो तेव्हा मी त्याला खडूनं एक रेघ मारून देतो आणि तिच्या अलीकडे-पलीकडे करायला लावतो.

६.३०

उजाडल्यावर मेढीचा खेळ. मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध मेढ रोवायचे, तिला बैल ओळीनं जुंपून फिरवायचे. माझ्या लहानपणी हे शेवटचं शेवटचं पाहिलेलं आहे. मेढीजवळ म्हातारा बैल बांधायचे आणि कडेला तरणा. म्हातारा जागच्या जागी वळल्यासारखा चालायचा, आणि कडेच्या खोंडाच्या तोंडाला फेस यायचा. दोघांची फेरी एकच.

हिशेब अगदी साधा आहे. मधल्या खांबापासून एक मीटरवर फिरणाऱ्याला एका फेरीला सव्वासहा मीटर चालावं लागतं. तीन मीटरवरच्याला जवळजवळ एकोणीस. बॉक्सिंगची रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर असते, म्हणजे मधून दोरापर्यंत तीनच मीटर. जो मध्य धरतो तो म्हातारा बैल, जो दोराकडेनं पळतो तो खोंड. तिसऱ्या फेरीत कोणाची छाती भरून येते, ते खळ्यावर फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पोरांच्या अंगात मात्र पाठलाग असतो. समोरचा उजवीकडे पळाला की हे त्याच्या मागोमाग, वासरू गाईमागे जातं तसं. मी मेढीच्या भोकात पहार रोवतो, एकाला तिच्याजवळ उभं करतो आणि सांगतो, त्याच्या मागे जाऊ नकोस, तो जिथे पोचणार आहे तिथे आडवं पाऊल टाक. रस्ता काप. दोन आठवड्यांनी एखाद्याला ते उमगतं, आणि त्या दिवशी समोरच्याला पळायला जागाच उरत नाही. तो एकदम ओरडतो, ‘कुठं जाऊ बे मी?’

८.३०

अंघोळ, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मग दुधनीचं वडाप. वडापात टप्पा ही गोष्टच नसते. तेरा माणसं, दोन पोती आणि एक कोंबडी.

१०.०० ते १.३०

मी दुधनीच्या बाजारात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. जानेवारीत तुरीची आवक असते, सीमेपलीकडूनही माल येतो. लिलाव, काटा, तोलाई, हमाली, पट्टी. डोकं वहीत असतं, डोळे मात्र हमालांच्या पायांवर.

ट्रकला लावलेल्या फळीवरून पोतं घेऊन चढणारा हमाल बघावा. पाठीवर पन्नास किलो, फळी जेमतेम फूटभर रुंद आणि मधे लवणारी. तो पाय उचलत नाही. पुढचा पाय फळीवर चाचपत ठेवतो, वजन त्यावर पूर्ण गेल्यावरच मागचा ओढतो. पायात पाय कधीच नाही. फळी खाली लवते तेव्हा थांबतो, वर येते तेव्हा पाऊल टाकतो. इथले एक जुने हमाल आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. एकदा त्यांना विचारलं, ‘मामा, हे कुणी शिकवलं?’ ते म्हणाले, ‘पडलो की दोनदा.’

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ती उंच, जड काठी पेलून चालणारा माणूस सुद्धा असाच चालतो. गर्दी वर ध्वजाकडे बघते. मी दरवर्षी खाली बघतो आणि माझ्या शेजारच्याला वाटतं, माझं काहीतरी पडलंय.

२.००

डबा खाताना आमचे वस्ताद भेटले. वय झालंय, कान कुस्तीनं मोडलेले, पण अजून चालताना गुडघे किंचित वाकलेले असतात. माझ्या किकबॉक्सिंगवर त्यांचा राग आहे.

‘लाथा मारायच्या, त्यात काय कला?’

‘वस्ताद, खडाखडीत तुम्ही काय शिकवता? पट काढायच्या आधी पाय कुठं असावा हेच ना?’

‘ते वेगळं.’

‘काय वेगळं?’

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, ‘पोरांना पाय पळवायला शिकवतोस तू. पाय पेरायचा असतो.’ मी ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर तुरीच्या भावाशेजारी लिहून ठेवलं.

मग नेहमीप्रमाणे गाडी खाशाबा जाधवांवर आली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा पायाखाली लाल मातीऐवजी गादी आली. मातीत पाय रुततो, घट्ट धरतो. गादीवर तो सरकतो, आणि नियमही निराळे. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वस्ताद याला छातीचा पराक्रम म्हणतात. मला त्यात चार वर्षांत पायांनी नवी जमीन शिकणं दिसतं. आजच्या गादीवर नऊ मीटरचं वर्तुळ असतं, त्यातली कडेची एक मीटरची पट्टी वेगळ्या रंगाची. वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण. म्हणजे कुस्तीतही आता मेढ कुणाकडे, हाच प्रश्न आहे. वस्तादांना हे मान्य नाही. पण डबा संपेपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी.

६.०० ते ८.००

संध्याकाळी ग्लोव्हज. ही तुकडी मोठी, यात चार मुली.

आधी काठी. पाच फुटांची काठी, टोकाला चिंध्या बांधलेल्या. मी ती एकाच्या छातीकडे धरून पुढे-मागे करतो. चिंधी अंगाला लागू द्यायची नाही आणि वीतभरापेक्षा लांबही जायचं नाही. लांब पळणं सोपं असतं, घाबरट माणूससुद्धा वाचतो. पण तिथून उलटा फटका मारता येत नाही. ठोसा नाकापासून दोन बोटांवरून गेला तर तुम्ही अजून टप्प्यात आहात आणि त्याचा हात परत जायच्या आत तुमचा पोचतो. त्या दोन बोटांसाठी मागच्या पायानं अर्धंच पाऊल घ्यायचं असतं. नवीन पोरं पाऊल घेत नाहीत, नुसती कंबरेतून मागे वाकतात. मग दुसऱ्या ठोशाला त्यांच्याकडे जागा उरत नाही.

यात सगळ्यांत पुढे आहे ती बारावीतली एक मुलगी. तिनं कधी कराटे केलं नाही, ती कबड्डीत चढाई करते. तीस सेकंदांची चढाई, मधल्या रेषेपासून तीन मीटरवर निदानरेषा, त्यापुढे एक मीटरवर बोनसची रेषा. सात जण टपलेले असताना बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकून परत यायचं, हे तिला वर्षानुवर्षं अंगवळणी पडलंय. तिचा पुढचा पाय खोटं बोलतो. आला आला वाटतो आणि येत नाही. समोरचा मुलगा हात टाकून मोकळा होतो, तेवढ्यात ही बाजूला सरकून बरगडीवर लाथ ठेवते. ठेवतेच, जोरानं मारू नकोस म्हणून सांगितलंय.

आज तिला डावखुऱ्यासमोर उभं केलं. डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात, तेव्हा आपला पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा लागतो. दोनदा तिचा पाय आत राहिला, दोनदा सरळ डावा हात खाल्ला. तिसऱ्यांदा बाहेर ठेवला. ‘सर, आता तो दिसतच नाही मला पहिल्यासारखा,’ म्हणाली. म्हणजे त्याचा डावा हात तिच्या रेषेतून गेला होता.

दिवसभराच्या कामानं पाय जड होतात तसे सगळ्यांची चूक एकच होत जाते. आपला ठोसा लागला की थांबायचं. ही चूक माझी आहे, मीच यांना वारशानं दिली असावी. विशीत एका स्पर्धेत मी समोरच्याला इतका सुंदर उजवा मारला की बघत उभा राहिलो. लोक ओरडले, मलाही बरं वाटलं. मधल्या टप्प्यात, दोन्ही पाय एका रेषेत, हात छातीशी. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. तेव्हापासून माझ्या वर्गात फटका मारल्यावर पाऊल टाकून कोन बदलल्याशिवाय तो फटका मोजत नाही.

९.३०

जेवण झाल्यावर मोबाईलवर लोमाचेन्को. युक्रेनचा हा मुष्टियोद्धा, २००८ आणि २०१२ ची दोन ऑलिंपिक सुवर्णं. लहानपणी वडिलांनी त्याचं बॉक्सिंग थांबवून काही वर्षं देशी नाच शिकायला पाठवलं होतं. व्हिडिओ पावपट वेगानं लावला की हात दिसेनासे होतात आणि फक्त पाय उरतात. समोरचा वळेपर्यंत हा त्याच्या खांद्याशेजारी उभा.

हे बघून मला आमची लेझीम आठवते. सोलापूरच्या गणपतीत लेझमीचे संघ तासन्‌तास ताल न सोडता बसतात, उठतात, वळतात. माझ्या वर्गातली जी दोन पोरं लेझमीत असतात, त्यांना वळताना वजन कुठल्या पायावर ठेवायचं हे शिकवावं लागलं नाही. येत्या गणपतीत मी उलटं करणार आहे, सगळ्यांनाच लेझमीला घालणार. वस्तादांना सांगितलं तर हसतील.

१०.१५

घोटा पुन्हा एकदा फिरवून बघितला. बरा आहे.

मैंदर्गीच्या आसपास राहणारं कुणी यायचं म्हणत असेल, मुलगा किंवा मुलगी, तर पहाटे साडेपाचला खळ्यावर या. अनवाणी आलात तरी चालेल. ग्लोव्हज विकत घेऊ नका, पहिला महिनाभर ते लागत नाहीत.