पाय थांबत नाहीत तेव्हा

भाचा कल्याणहून ठाण्याला आला तो सायकलच्या नुसत्या फ्रेमचे पैसे मागायला. "मामू, फिक्सी बांधायचीय!"

आपल्या सायकलीला फ्रीव्हील असते. उतारावर पाय थांबले तरी चाक फिरते. फिक्सीचे मागचे दातेरी चक्र चाकाला घट्ट बसवलेले असते. चाक फिरेल तोवर पाय फिरणारच. सर्कशीतली एकचाकी सायकल अशीच. म्हणून ती मागेही जाते.

कसरतीची फ्रेम घेताना जोड भक्कम आहेत ना, हँडल गरगर फिरवले तरी पुढचे चाक फ्रेमला अडत नाही ना, हे पाहावे. मागची खाच आडवी हवी. चाक मागे ओढून साखळी ताणता येते. ढिली साखळी निसटली, तर पायांनी सायकल रोखताच येत नाही.

म्हणून माझी अट एकच होती : पुढे ब्रेक हवा. "वायर हँडलला गुंडाळते," तो कुरकुरला. मी म्हटले, "मैदानात काढ, कल्याण-शीळ रस्त्यावर लावलाच पाहिजे." त्याने मानले.

परवा मैदानात मीही बसून पाहिले. सवयीने पाय थांबवले. पायडलने ते पुढे ढकललेच. आजवर प्रत्येक उतार मला फुकट मिळाला होता, हे तेव्हा कळले.