शेजाऱ्यांची उपासना : मिस्सा, प्रवचन आणि आपले गैरसमज

आमच्या मनवेलपाड्यातून निघून रेल्वेच्या पलीकडे विरार पश्चिमेला गेले की नंदाखाल, आगाशीच्या वाटेवर ठिकठिकाणी क्रूस दिसू लागतात. शाळेत, लोकलमध्ये, कामावर या ख्रिस्ती शेजाऱ्यांशी आपली रोजची गाठ पडते. त्यांच्या लग्नाला आपण जातो, मयतीलाही जातो. तरी चर्चमध्ये ते नेमके काय करतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. घरात मुलाने विचारले, "अम्मी, ते लोक बीबी मरियमची पूजा करतात का?" तर आपण घाईत "हो" म्हणून मोकळे होतो. उत्तर इतके सोपे नाही, आणि माहीत नसताना दुसऱ्याच्या दीनबद्दल साक्ष देणे आपल्याला शोभतही नाही.

शब्दापासून सुरुवात करू. 'इबादत' हा शब्द 'अब्द' म्हणजे बंदा, गुलाम यावरून आला. इबादत म्हणजे बंदगी. नमाज, रोजा, जकात यांपासून हलाल कमाईपर्यंत सारे तिच्यात येते. मराठीतल्या 'उपासना' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे. इंग्रजीतला 'वर्शिप' मात्र मान, योग्यता या अर्थाच्या शब्दापासून घडला. म्हणूनच इंग्रजी परंपरेत मॅजिस्ट्रेटलाही 'युवर वर्शिप' म्हणत, आणि त्याला कोणी खुदा समजत नसे. आपल्या मराठीत तर 'भक्ती' हा एकच शब्द देवालाही लावतात, देशालाही आणि आईवडिलांनाही. देशभक्त माणूस देशाची इबादत करतो असे आपण म्हणत नाही. वसईतले कॅथलिक 'मरियाभक्ती' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असते, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

त्यांचे धर्मशास्त्र याबाबत स्पष्ट आहे. आजच्या तुर्कस्तानातील इझनिक, म्हणजे जुन्या निकिया शहरात इ. स. ७८७ साली भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवले की खरी उपासना फक्त देवाची. चित्रे आणि प्रतिमा यांना द्यायचा तो आदर, आणि तोही प्रतिमा ज्याची आहे त्याला पोहोचतो. मरियम आणि संतांपुढे कॅथलिक माणूस मेणबत्ती लावतो, जपमाळ ओढतो, तेव्हा त्याची मागणी असते, 'आमच्यासाठी देवाकडे विनंती करा.' म्हणजे शिफारस. हा युक्तिवाद मुस्लिम घरात नवा नाही. दर्ग्यावर जाणारा भाऊ आणि त्याला अडवणारा भाऊ यांच्यातला वाद आपण लहानपणापासून ऐकत आलो. मसलकी वादात आम्ही येथे शिरणार नाही; एवढेच सांगायचे की जवळपास हाच वाद ख्रिस्ती घरातही पेटला आणि त्यातून ते घर दुभंगले.

ते साल १५१७. जर्मनीतल्या विटेनबर्गचा मार्टिन ल्यूथर हा धर्मगुरू चर्चच्या कारभाराविरुद्ध उभा राहिला. पुढे स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये १५२४ साली चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे काढून टाकली गेली. देव आणि माणूस यांच्यामध्ये संतांची मध्यस्थी नको, धर्मग्रंथ प्रत्येकाला त्याच्या भाषेत मिळावा, ही प्रोटेस्टंटांची मागणी. ल्यूथर स्वतः मूर्तींबाबत एवढा कडक नव्हता, हेही खरे.

महाराष्ट्रात हे दोन्ही पंथ वेगवेगळ्या वाटांनी आले. वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने तहात पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत इथले कॅथलिक समाज घडले. पोर्तुगीज गेले, चर्च राहिली. मराठी प्रोटेस्टंटांची कथा १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरू होते आणि १८३१ नंतर अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) तिचे मोठे केंद्र झाले. तेव्हा वसईच्या वाडीतला शेजारी बहुधा कॅथलिक आणि नगरकडून नोकरीसाठी आलेला बहुधा प्रोटेस्टंट, असा ढोबळ अंदाज चालतो.

वेदी की व्यासपीठ

कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा. रविवारी तिला हजर राहणे कॅथलिकावर बंधनकारक, जसा आपल्या पुरुषांवर जुमा. प्रथम सगळे मिळून आपल्या पापांची कबुली देतात. मग बायबलमधून वाचने होतात, त्यातले शुभवर्तमान, म्हणजे हजरत ईसा (अ.) यांच्या चरित्राचा भाग वाचताना सारे उभे राहतात. फादर त्यावर प्रवचन करतात. त्यानंतर वेदीवर बिनखमिराची पातळ भाकर आणि द्राक्षारस ठेवून फादर प्रार्थना म्हणतात. कॅथलिकांची श्रद्धा अशी की या प्रार्थनेनंतर ती भाकर आणि तो रस दिसायला तसाच राहतो, पण खऱ्या अर्थाने ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतो. म्हणून त्या क्षणी सगळे गुडघे टेकतात, आणि उरलेली भाकर ज्या पेटीत ठेवतात तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. मूर्तीवर आपली नजर अडकते, पण कॅथलिक माणसासाठी चर्चमधली सर्वांत पवित्र वस्तू ती पेटी आहे.

ही मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडले आणि वसईच्या चर्चमधून मराठी घुमू लागली. त्या मराठीचे मोठे चाकर म्हणजे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आपल्या मराठी मुस्लिम घरांना यातली गोडी वेगळी सांगायला नको. नमाज अरबीतच राहील, पण बयान मायबोलीत ऐकण्याचे सुख आपणही जाणतो.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाऊल ठेवले की भिंती रिकाम्या दिसतात. क्रूस असतो, बहुधा त्यावर ख्रिस्ताची आकृती नसते. मरियम नाही, संत नाहीत. नजर जाते ती व्यासपीठाकडे आणि उघड्या बायबलकडे. धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात, तो संसारी असतो, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या संस्थेत स्त्रीही पाळक होऊ शकते. ही संस्था २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच सहा पंथ एकत्र येऊन स्थापन झाली. संस्कार दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कॅथलिकांचे सात. प्रभुभोजनही अनेक ठिकाणी दर रविवारी नसते, आणि त्यातली भाकर बहुतेकांच्या मते आठवण किंवा खूण असते. खरा जोर प्रवचनावर आणि गाण्यावर. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर अभंग आणि भजनाच्या चालीची गीते लिहिली. ती आजही मराठी मंडळ्यांतून गायली जातात. मराठी प्रोटेस्टंटांच्या गीतसंग्रहाचे नावच 'उपासना संगीत' आहे.

अलीकडे भाड्याच्या हॉलमध्ये, कुणाच्या घरी भरणाऱ्या पेंटेकोस्टल सभा वेगळ्याच. तिथले तरुण 'वर्शिप' म्हणतात ते प्रवचनाआधीच्या गाण्यांना. गिटार, कीबोर्ड, उंचावलेले हात, आजाऱ्यांसाठी मोठ्याने दुआ. या सभांकडे लोक संशयाने पाहतात, कधी तक्रारीही होतात. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये चार माणसे तरावीहला जमली म्हणून ज्यांना नोटीस आली आहे, त्यांनी तरी या संशयात भर घालू नये असे आम्हाला वाटते.

एक गैरसमज येथे दूर करणे भाग आहे. मूर्ती नाही म्हणून प्रोटेस्टंट आपल्या जवळचे, असे आपल्यातले पुष्कळ लोक मानतात. प्रतिमांच्या बाबतीत ते खरे. पण कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, दोघेही हजरत ईसा (अ.) यांना देवाचा पुत्र मानून त्यांची उपासना करतात, आणि दोघेही आपण एकाच देवाला मानतो असे सांगतात. आपला आणि त्यांचा खरा मतभेद इथे आहे, भिंतीवरच्या चित्रात नाही. हा मतभेद शेजाऱ्याशी गोड बोलण्यासाठी लपवायचे कारण नाही. अहले किताबशी बोलायचे ते उत्तम रीतीने, ही कुरआनची ताकीद आहे, आणि नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आले आहे. त्यांच्याशी अकीद्याची चर्चाही झाली, आणि ती सोडून दिली गेली नाही.

व्हॅटिकनच्या त्याच परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी एक जाहीरनामा काढला. त्यात म्हटले आहे की मुस्लिम एकाच देवाची उपासना करतात, मरियमचा आदर करतात, नमाज, दान आणि रोजा यांना महत्त्व देतात. देवासाठी 'उपासना' आणि मरियमसाठी 'आदर', असे दोन वेगळे शब्द त्यांनी आपल्याबद्दल लिहितानाही जपून वापरले.

लग्नाला, मयतीला गेल्यावर

आता व्यवहाराचे. लग्नात किंवा मयतीत मिस्सा असेल तर इतर उभे राहतात तेव्हा आपण उभे राहिलो तर तो शिष्टाचार. गुडघे टेकायची किंवा क्रूसाची खूण करायची अपेक्षा आपल्याकडून कोणी करत नाही. भाकर घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवर बसून राहावे. ती भाकर कॅथलिक नसलेल्यांसाठी नसतेच, त्यामुळे न घेतल्याने कुणाचा अपमान होत नाही, उलट घेतल्याने होईल. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. प्रसाद समजून ती रांगेत उभी राहतात.

उपवासाचे दिवसही लक्षात ठेवण्यासारखे. २०२५ साली आपला पहिला रोजा २ मार्चला होता आणि त्यांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. त्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी कॅथलिक मांस वर्ज्य करतात आणि एकवेळच पोटभर जेवतात. अशा दिवशी बिर्याणीचा डबा पाठवायचा नसतो, खीर चालेल.

मयतीच्या बाबतीत मात्र आपला अंदाज चुकतो. येथे कॅथलिक आपल्याला जवळचे. आपण मरहूमसाठी मगफिरतची दुआ करतो, तेही मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा करवून घेतात. २ नोव्हेंबरला वसईतल्या दफनभूमीत कबरी साफ करून फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. शबे बरातला कब्रस्तानात गेलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचे वाटेल. प्रोटेस्टंट मेलेल्यासाठी सहसा काही मागत नाहीत, त्याचा हिशेब देवाकडे गेला असे मानतात. त्यांच्या दफनविधीत पाळक प्रार्थना करतो ती मागे राहिलेल्या बायकोसाठी, मुलांसाठी, त्यांना धीर मिळावा म्हणून.