वॉर्साचे बालवीर : आज, उद्या आणि परवा



आपल्या शाळेत दरवर्षी ७ नोव्हेंबरला स्काऊट-गाईडचा ध्वजदिन साजरा होतो. गेल्या वेळी कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आम्ही गाठी शिकतो, प्रथमोपचार शिकतो. पण खरंच युद्ध झालं तर स्काऊटने काय करायचं?" त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो, पण आमचेच समाधान झाले नाही. म्हणून आज पोलंडची राजधानी वॉर्सा येथील स्काऊटांची हकिगत सांगत आहोत.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि महिनाभरात वॉर्सा शहर जर्मनांच्या हाती गेले. पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे बंद करण्यात आली. स्काऊट चळवळीवरही बंदी आली. तेव्हा स्काऊटांनी गुप्तपणे काम सुरू ठेवले. या गुप्त संघटनेचे नाव होते 'शारे शेरेगी', म्हणजे 'करड्या रांगा'. भिंतींवर स्वातंत्र्याची खूण म्हणून नांगराचे चिन्ह रंगवणे, पत्रके वाटणे अशी कामे ही मुले करीत. पकडले गेल्यास छळ किंवा मृत्यू ठरलेला होता.

संघटनेने आपल्या कामाचे तीन टप्पे ठरवले होते : 'आज, उद्या आणि परवा'. आज म्हणजे गुप्त तयारी, उद्या म्हणजे उघड लढा आणि परवा म्हणजे स्वतंत्र देशाची उभारणी. वयाप्रमाणे मुलांचे तीन गट होते. १८ वर्षांवरील तरुण सशस्त्र तुकड्यांत जात. १५ ते १७ वर्षांची मुले टेहळणी व संदेशवहन शिकत. १२ ते १४ वर्षांच्या मुलांच्या गटाला झाविशा या जुन्या पोलिश सरदाराचे नाव दिले होते. या लहानांना लढाईसाठी तयार करायचे नाही, असेच वडीलधाऱ्यांनी ठरवले होते. ही मुले 'परवा'साठी होती. लोकांच्या घरी चोरून भरणाऱ्या वर्गांत त्यांनी शिकावे आणि मदतकार्याची तयारी करावी, ही अपेक्षा होती.

१ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी ५ वाजता वॉर्सात उठाव सुरू झाला. (१९४३ साली ज्यू वस्तीत झालेला उठाव वेगळा.) सोव्हिएत फौजा विस्तुला नदीजवळ पोहोचल्या होत्या, त्यामुळे लढा काही दिवसांत संपेल असे वाटले होते. तो ६३ दिवस चालला. मोठे स्काऊट 'झोश्का' आणि 'पारासोल' या बटालियनींमधून लढले. ५ ऑगस्टला 'झोश्का'च्या जवानांनी जर्मनांकडून हस्तगत केलेल्या रणगाड्याच्या मदतीने एका छळछावणीवर हल्ला केला आणि ३४८ ज्यू कैद्यांची सुटका केली. गाईड मुली परिचारिका होत्या, निरोप पोहोचवीत होत्या. रस्ते बंद झाले तेव्हा लोक गटारांच्या भुयारांतून ये-जा करू लागले. त्या अंधारात वाट दाखवण्याचे कामही मुलींनी केले.

आणि लहान मुले? त्यांनी पोस्टमनचे काम केले. शहराचे तुकडे पडले होते. आई एका वस्तीत, तर मुलगा दुसरीकडे आघाडीवर अशी स्थिती होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्काऊटांची टपालसेवा सुरू झाली. नाक्यानाक्यावर लिलीच्या फुलाचे स्काऊट चिन्ह असलेल्या पेट्या लागल्या. पत्र २५ शब्दांपेक्षा मोठे चालत नसे आणि लष्करी गुपित बाहेर जाऊ नये म्हणून ते तपासले जाई. टपालखर्च काही नव्हता. मुले खंदकांतून, तळघरांतून आणि पाडलेल्या भिंतींमधून धावत पत्रे पोहोचवीत. दिवसाला हजारो पत्रे वाटली जात. "आम्ही जिवंत आहोत" एवढा निरोप मिळाला तरी त्या घरात सण साजरा होत असेल!

पण एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. 'परवा'साठी राखलेली मुलेही गोळ्यांना बळी पडली. काही मुले मोठ्यांचे न ऐकता हाती शस्त्र घेऊन पुढे गेली. २ ऑक्टोबर १९४४ रोजी शरणागतीचा करार झाला तोवर १६ हजारांहून अधिक लढवय्ये आणि सुमारे दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते. उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढून जर्मनांनी घरे एकामागून एक उद्ध्वस्त केली. हा उठाव करावयास हवा होता का, यावर पोलंडमध्ये आजही वाद होतो.

१९८३ साली वॉर्साच्या जुन्या तटबंदीजवळ एक पुतळा उभा राहिला. एक लहान मुलगा, डोक्यावर डोळ्यांपर्यंत येणारे मोठ्या माणसाचे हेल्मेट, हातात बंदूक. हेल्मेट त्याच्या मापाचे नाही, हेच त्या पुतळ्याचे सांगणे आहे असे आम्हास वाटते. त्या मुलाला नमस्कार करावा, पण तसे हेल्मेट पुन्हा कुणा मुलाच्या डोक्यावर येऊ नये याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

त्याच काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे बहुतांशी स्त्रिया आणि मुले राहत होती. तेथे मुलांच्या शाळा होत्या आणि स्काऊटची पथकेही होती. वॉर्साच्या मुलांना जे तळघरांत चोरून करावे लागले, ते या मुलांना मोकळ्या मैदानावर करता आले.

तर विद्यार्थी मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : जखम बांधायची, निरोप पोहोचवायचा, वाट चुकलेल्याला वाट दाखवायची. गाठी आणि प्रथमोपचार त्यासाठीच आहेत. आणि शिकणे सोडायचे नाही, कारण परवाचा दिवस तुझा आहे. पालकांना व विश्वस्तांना आमची एवढीच विनंती, की स्काऊटचा तास 'अभ्यासाचा वेळ वाया' म्हणून कुणी बंद करा म्हणू नये.