टोलचा पूल: मालक कोण, यापेक्षा करार काय?

आमच्या वेळापुरात टोलचा विषय काढा, पहिलं उत्तर येईल, "सगळी लूट आहे." असेलही. पण हे झालं मत. पीएच.डी.च्या मुलाखतीत नुसता 'खासगी टोल पूल' असा विषय सांगितलात, तर समिती विचारणारच, "संशोधन प्रश्न काय?" तो कसा शोधायचा ते आज बघू.

त्यासाठी तीन ठिकाणं शेजारी ठेवा. तिन्हीकडे पैसा खासगी होता, वसुलीची अट मात्र वेगळी.

पहिला मुंबईचा माहीम कॉजवे, 1845 चा. त्याआधी माहीम-वांद्रे मधली खाडी लोक होडीने ओलांडत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी कामासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. अट अशी, की सरकारने ये-जा करणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही.

दुसरा इंग्लंडमधला, थेम्स नदीवरचा स्विनफर्ड पूल. 1767 च्या कायद्याने टोलचा हक्क मालकाला आणि त्याच्या वारसांना मिळाला, तोही कायमचा. 2009 मध्ये हा पूल लिलावात दहा लाख पौंडांहून जास्त किमतीला विकला गेला. मोटारीचा टोल तेव्हा फक्त 5 पेन्स होता!

तिसरा यमुनेवरचा दिल्ली-नोएडा डीएनडी मार्ग. करार 1997 चा, वाहतूक 2001 पासून. कंपनीला प्रकल्पखर्चावर दरवर्षी 20 टक्के परतावा कबूल केला होता. वसुली कमी पडली तर तूट पुढच्या वर्षीच्या खर्चात मिळवायची. आता वहीत गणित करून बघा. समजा 100 रुपये येणं आहे आणि हाती काहीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी 120, मग 144, मग 173, मग 207. चार वर्षांत रक्कम दुपटीच्या वर! म्हणजे लोक टोल भरत राहिले तरी येणं वाढतच जाऊ शकतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ही वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

आता फरक दिसतो ना? 'खासगी' हा शब्द तिन्हींना लागतो, पण त्यातून कळत काहीच नाही. पूल ओलांडणाऱ्याच्या खिशावर काय परिणाम होणार, हे करारातली कलमं ठरवतात. म्हणून तुमचा प्रश्न असा बांधा: वाहतूक अंदाजापेक्षा कमी झाली, तर तोटा कुणी सोसायचा? कंपनीने, सरकारने की प्रवाशाने?

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करता येते. एखादा टोलनाका निवडा, माहिती अधिकारात कराराची प्रत मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: वसुलीची मुदत, परताव्याचं सूत्र आणि तुटीचं कलम. वाहनं मोजायला नाक्यावर उभं राहण्याआधी हे वाचून काढा. नाहीतर आकडे भरपूर जमतील, पण ते कशाशी ताडून बघायचे हेच कळणार नाही.